उल्वन बेटावर पहिल्यांदा जाताना: उत्तर स्वीडनमधील कोळ्यांच्या बेटाची पायरीपायरीने ओळख

उत्तर स्वीडनच्या किनाऱ्याजवळ, बोथनियाच्या आखातात, उल्वन ही बेटांची जोडी आहे. उत्तर उल्वनवर गाव, बंदर आणि येणाऱ्याजाणाऱ्यांची वर्दळ असते, तर दक्षिण उल्वनवर बहुतेक जंगलच आहे, आणि या दोहोंमधल्या अरुंद, शांत खाडीच्या काठाने उल्वहाम्न हे जुने मासेमारी गाव वसलेले आहे. स्वीडिशमध्ये ‘उल्व’ म्हणजे लांडगा आणि ‘अन’ म्हणजे ते बेट. स्टॉकहोममध्ये राहायला आल्यापासून मी येथे तीनदा जाऊन आले आहे. पहिल्या खेपेला ज्या चुका झाल्या, त्या सगळ्या टाळता येण्याजोग्या होत्या, म्हणूनच हा लेख मराठीत लिहीत आहे. सुट्टीत स्वीडनला येणाऱ्या आणि येथे नोकरीनिमित्त राहणाऱ्या, अशा दोघांनाही त्याचा उपयोग व्हावा.

१. आधी महिना ठरवा

जूनच्या अखेरीपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत बेट जागे असते. बोटी जास्त असतात, खाण्याच्या जागा उघड्या असतात आणि जुने चॅपेल (छोटे चर्च) आतून पाहायला मिळण्याची शक्यताही सर्वांत जास्त असते. ऑगस्टच्या मध्याला शाळा सुरू झाल्या की फेऱ्या कमी होतात आणि दुकाने लवकर मिटू लागतात. जुलैमध्ये शिडाच्या बोटींच्या शर्यती असतात. त्या आठवड्यात बंदर गजबजून जाते आणि राहायला जागा मिळणे फार कठीण होते. ज्यांना शांतता हवी आहे त्यांनी ते दिवस टाळावेत.

येथे एक गैरसमज दूर केलेला बरा. उल्वन उत्तरेला असले तरी ते सुमारे ६३ अंश अक्षांशावर, म्हणजे आर्क्टिक वर्तुळाच्या बरेच दक्षिणेला आहे, त्यामुळे येथे मध्यरात्रीचा सूर्य दिसत नाही. जूनच्या अखेरीस सूर्य रात्री अकराच्या सुमारास मावळतो आणि अडीचनंतर पुन्हा उगवतो. मधल्या वेळात संधिप्रकाश असतो आणि पूर्ण काळोख पडतच नाही. झोप सावध असेल तर डोळ्यांवर बांधायची पट्टी जवळ ठेवावी. डिसेंबरमध्ये याच ठिकाणी दिवस जेमतेम पावणेपाच तासांचा असतो, त्यामुळे पहिल्या भेटीसाठी हिवाळा निवडू नये.

२. कागदपत्रे आणि सामान

भारतातून येणाऱ्यांना अल्पमुदतीचा शेंगेन व्हिसा लागतो. त्यावर कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी तरी केलाच पाहिजे, पण उन्हाळ्यात भेटीच्या वेळा लवकर भरतात, म्हणून दोन-अडीच महिने हाताशी ठेवणे शहाणपणाचे. जवळ पुढील गोष्टी असाव्यात:

- पासपोर्ट: गेल्या दहा वर्षांत काढलेला, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध असलेला आणि दोन कोरी पाने असलेला
- किमान ३०,००० युरोंचे संरक्षण देणारा प्रवासी वैद्यकीय विमा
- बेटावरच्या मुक्कामासह सर्व रात्रींची आरक्षणे, आणि बँकेचे उतारे
- स्वीडनमध्ये राहणाऱ्यांसाठी निवास परवान्याचे कार्ड

सामानात पावसाळी जाकीट, लोकरी थर आणि घट्ट पकड असलेले बूट हवेतच, कारण जुलैमध्येही संध्याकाळी वारा सुटला की चांगलीच थंडी वाजते. नेहमीची औषधे पुरेशी घ्या; बेटावर औषधांचे दुकान मिळेल असे धरून चालू नका. गोचीड काढण्याचा छोटा चिमटा घ्यायला विसरू नका. तो कशासाठी लागतो ते पुढे सांगते.

३. सर्वांत आधी बोट, मग बाकी सगळे

माझा आग्रह याच पायरीवर सर्वाधिक आहे. आपण सवयीने आधी विमान, मग रेल्वे, मग हॉटेल आणि शेवटी ‘तिथे गेल्यावर बघू’ म्हणून बोट, अशा क्रमाने बेत आखतो. उल्वनसाठी हा क्रम उलटा करा. बोटीची फेरी कोणत्या दिवशी आणि किती वाजता आहे हे आधी पक्के करा, आणि मग तिच्याभोवती रेल्वे, बस व मुक्काम बसवा.

स्टॉकहोमहून अर्नशल्ड्सविक या शहरापर्यंत थेट रेल्वे जाते. २०१० मध्ये किनाऱ्याने जाणारा बोथनिया लोहमार्ग सुरू झाल्यापासून हा प्रवास साधारण साडेपाच-सहा तासांवर आला आहे. तेथून बसने वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या शपमानहोल्मेनच्या धक्क्यावर जायचे. स्वीडिशमध्ये ‘क’नंतर विशिष्ट स्वर आला की उच्चार ‘श’सारखा होतो, त्यामुळे फलकावर दिसणारे अक्षर आणि बसचालकाच्या तोंडून येणारे नाव यांचा मेळ नवख्याला लागत नाही, नाव कागदावर लिहून दाखवावे. धक्क्यावरून निघालेली बोट तास-दीड तासात उल्वहाम्नला पोहोचते, आणि काही फेऱ्या वाटेत ट्रिसुन्दा या शेजारच्या बेटावर थांबतात. उन्हाळ्यात दक्षिणेकडच्या डोक्स्टा आणि उल्लोंगेर या गावांहूनही बोट सुटते. स्वतःची गाडी असेल तर ती धक्क्यावरच ठेवून जायची. बेटावर पाय किंवा सायकल पुरते.

आता वेळापत्रकातले सापळे. पहिला सापळा अक्षरांचा: वारांसाठी छापलेल्या अक्षरांत ‘एल’ म्हणजे शनिवार आणि ‘एस’ म्हणजे रविवार. मी ‘एस’ म्हणजे शनिवार असे इंग्रजीच्या सवयीने धरले, सामान घेऊन धक्क्यावर उभी राहिले, आणि ज्या बोटीची वाट पाहत होते ती दुसऱ्या दिवशीची होती. दुसरा सापळा आठवड्यांचा: स्वीडिश माणसे तारखेऐवजी वर्षाच्या आठवड्याचा क्रमांक सांगतात, आणि ‘आठवडा ३३पर्यंत’ अशी टीप वेळापत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरांत असते. तिसरा सापळा सणांच्या आदल्या दिवसांचा: मध्यग्रीष्माच्या सणाला आदल्या दिवसापासूनच फेऱ्या बदलतात. त्यामुळे प्रवासाच्या नेमक्या तारखेची फेरी तपासा, आणि जाण्याची व परतीची अशा दोन्ही वेळा कागदावर लिहून ठेवा.

४. मुक्काम, पैसे आणि जेवण

सकाळी जाऊन संध्याकाळी परतणे शक्य असते आणि बरेच लोक तसेच करतात, पण किमान दोन रात्री राहा असे मी मनापासून सांगते. दिवसाची शेवटची बोट निघून गेल्यावर या बंदरात जी शांतता उतरते, ती दिवसभराच्या भेटीत लाभत नाही. बेटावर एक हॉटेल आहे, शिवाय भाड्याच्या खोल्या आणि छोटी लाकडी घरे मिळतात. जुलैसाठी वसंतातच आरक्षण करा. भाड्याच्या घरात चादरी आणि टॉवेल बहुधा आपणच न्यायचे असतात आणि निघताना घर स्वच्छ करून द्यायचे असते. आरक्षण करताना हे विचारून घ्या.

पैशांबाबत एक अडचण पाहुण्यांना हमखास येते. स्वीडनमध्ये रोख रक्कम जवळजवळ व्यवहारातून गेली आहे. लहान विक्रेते ‘स्विश’ या मोबाइल सेवेने पैसे घेतात, आणि ती सेवा वापरायला स्वीडिश बँकेत खाते लागते. भारतातून येणाऱ्यांनी परदेशी व्यवहार चालू केलेली दोन वेगवेगळी कार्डे ठेवावीत, आणि भाड्याचे घर घेताना ‘कार्ड चालेल का’ हे आधीच लेखी विचारावे.

जेवणात मासळी सहज मिळते, पण शाकाहारी माणसाची पंचाईत होऊ शकते. डाळ, तांदूळ, पोहे आणि थोडा मसाला अर्नशल्ड्सविकपर्यंत आल्यावर नव्हे, तर स्टॉकहोमहून निघतानाच पिशवीत भरा.

५. पहिला दिवस: बंदर आणि जुने चॅपेल

बोटीतून उतरल्यावर घाई करू नका. काठाने जाणारी एकच मुख्य वाट आहे, आणि तिच्या पाण्याकडच्या बाजूला लाल रंगाची लाकडी कोठारे ओळीने उभी आहेत. त्यांत होड्या, जाळी आणि मिठाची पिंपे ठेवली जात. हा लाल रंग फालूनच्या तांब्याच्या खाणीतून निघणाऱ्या मातीपासून करतात आणि तो साऱ्या स्वीडनभर लाकूड टिकवण्यासाठी वापरला जातो. कोठारांजवळ कोठे जाळी वाळत घालण्याच्या लाकडी दांड्या दिसल्या तर थांबून पाहा. मी कोकणातली असल्याने मला त्या पाहताच आमच्या बंदरावरच्या वलांड्या आठवल्या. मासळीवर जगणाऱ्या माणसांनी हजारो कोसांच्या अंतरावर एकाच गरजेतून एकच उपाय शोधला होता.

या गावाचा इतिहास येव्ले शहराच्या कोळ्यांशी जोडलेला आहे. (नाशिकच्या येवल्याशी नाव जुळते, संबंध मात्र काही नाही.) येव्लेचे कोळी वसंतात बर्फ फुटला की बायकापोरे आणि गुरेशेळ्या होड्यांत घालून किनाऱ्याने शेकडो किलोमीटर उत्तरेला येत, उन्हाळाभर हेरिंग पकडून खारवत, आणि शरद ऋतूत परत जात. आखाताच्या किनाऱ्यावरच्या शहरांना परदेशांशी थेट व्यापार करण्यास मनाई होती आणि माल स्टॉकहोमच्या वाटेनेच जायचा. हे बंधन १७६५ मध्ये सैल झाले. हंगामापुरत्या या मुक्कामातूनच पुढे कायमचे गाव झाले.

त्याच कोळ्यांनी १६२२ मध्ये येथे लाकडी चॅपेल बांधले. बाहेरून ते इतके साधे आहे की एखादा त्याला कोठार समजून पुढे जाईल. आत पाऊल टाकले की मात्र भिंती आणि छत बायबलमधल्या प्रसंगांनी भरलेले दिसतात. ही चित्रे १७१९ मध्ये रूलान्द युहानसॉन एबेरी या चित्रकाराने काढली. ते वर्ष ध्यानात ठेवून चित्रे पाहा. स्वीडन तेव्हा रशियाशी चाललेल्या दीर्घ युद्धाने खचला होता, आणि दोनच वर्षांनी, १७२१ मध्ये, रशियन आरमाराने या किनाऱ्यावरची हर्नसान्द आणि सुन्द्सवालसारखी शहरे जाळली. हे लाकडी चॅपेल मात्र आजही उभे आहे.

चॅपेल दिवसभर उघडे नसते. बोटीतून उतरताच दारावरची वेळ पाहून या आणि बाकीचा दिवस त्याप्रमाणे आखा. आत चित्रांना हात लावू नका आणि फ्लॅश वापरू नका.

६. दुसरा दिवस: समुद्रातून वर येणारी जमीन

उल्वन हा ‘हगा कुस्तेन’ म्हणजे ‘उंच किनारा’ या जागतिक वारसास्थळाचा भाग आहे. युनेस्कोने २००० मध्ये त्याला हा दर्जा दिला आणि २००६ मध्ये समोरच्या फिनलंडमधला क्वार्केन द्वीपसमूह त्याला जोडला. या दर्जाचे कारण समजले नाही, तर येथे फक्त सुंदर खडक आणि पाइनची झाडे दिसतील, म्हणून ते थोडे सविस्तर सांगते.

शेवटच्या हिमयुगात या भागावर सुमारे तीन किलोमीटर जाडीचा बर्फ होता. त्या ओझ्याने जमीन खाली दबली होती. सुमारे १०,५०० वर्षांपूर्वी बर्फ हटला आणि जमीन पुन्हा वर येऊ लागली, ती अजून थांबलेली नाही. येथे ती आजही वर्षाला सुमारे ८ मिलिमीटर वर येते. मुख्य भूमीवरच्या स्कुलेबेर्येत या डोंगरावर प्राचीन समुद्राची जी सर्वांत उंच खूण आहे, ती आजच्या समुद्रपातळीपासून २८६ मीटरांवर आहे, आणि इतकी उंच किनारखूण जगात अन्यत्र नाही. चॅपेल बांधले तेव्हा पाणी आजच्यापेक्षा सुमारे तीन मीटर उंच होते, हे मनात धरून बंदराकडे पाहिले की अनेक गोष्टी उलगडतात: जुने धक्के कोरडे का पडले, होडीची कोठारे पाण्यापासून लांब का राहिली, आणि नवी पिढी दर वेळी थोडी खाली का सरकली.

हे प्रत्यक्ष पाहण्यासाठी गावामागच्या लोत्सबेर्येत या टेकडीवर चढा. ‘लोत्स’ म्हणजे जहाजांना वाट दाखवणारा वाटाड्या. असे वाटाडे येथून समुद्रावर नजर ठेवत. चढ लहान पण उभा आहे आणि पाऊस पडून गेल्यावर दगडफुलाने झाकलेला खडक साबणासारखा निसरडा होतो. अशा वेळी वाळेपर्यंत थांबा. चढताना जंगलाच्या मधोमध अचानक गोल, गुळगुळीत गोट्यांचे पट्टे लागतील. लाटांनी घासलेले हे गोटे कधीकाळी किनाऱ्यावर होते, आणि आज त्यांच्यावर करडे-हिरवे दगडफूल चढले आहे. एक गोटा तळहाताने चाचपून पाहा, पण उचलून रास करू नका आणि घरीही आणू नका.

टेकडीवरून पूर्वेला दिसणारे पाणी वरून शांत वाटते, पण उल्वनच्या बाहेर तो समुद्र २९३ मीटर खोल जातो; बोथनियाच्या आखातातली ही सर्वांत खोल जागा. मुख्य भूमीच्या बाजूला म्येल्टन हे स्वीडनमधले सर्वांत उंच बेट आहे, २३६ मीटर. या समुद्रात भरती-ओहोटी जवळपास नसते आणि पाणी इतके कमी खारट असते की गोड्या पाण्यातले काही मासेही त्यात राहतात.

बेटाचा काळसर खडक लोखंड आणि टायटेनियमयुक्त आहे. १९४६ मध्ये दक्षिण उल्वनच्या खडकातून एका नव्या खनिजाचे वर्णन प्रसिद्ध झाले आणि बेटावरून त्याला उल्वस्पिनेल असे नाव पडले. हे खनिज पुढे चंद्रावरून आणलेल्या दगडांतही सापडले. आपल्यासाठी अधिक जवळची गोष्ट अशी की सह्याद्रीच्या काळ्या पाषाणात चुंबकत्व धरून ठेवणारे टायटॅनोमॅग्नेटाइट हे खनिज मॅग्नेटाइट (लोखंडाचे चुंबकीय खनिज) आणि उल्वस्पिनेल यांच्या मिश्रणातूनच बनलेले असते. रायगडाच्या पायऱ्या चढणाऱ्या माणसाच्या पायांखालीही या बेटाचे नाव आहे, हे कळल्यापासून मला उल्वन परके वाटत नाही.

७. सान्द्विकेनची वाट आणि पाळायचे नियम

बेटाच्या उत्तर टोकाला सान्द्विकेन ही सतराव्या शतकातली लहानशी मासेमारी वस्ती जपून ठेवलेली आहे. जंगलातून चालत जाऊन निवांत परतायचे तर अर्ध्याहून अधिक दिवस हाताशी ठेवा, आणि पाणी व शिदोरी सोबत न्या. भाड्याची सायकल मिळाली तर वेळ वाचतो.

स्वीडनमध्ये सर्वांना निसर्गात मोकळेपणाने फिरण्याचा हक्क आहे. दुसऱ्याच्या जमिनीवरूनही चालता येते, रानफळे खुडता येतात आणि एखादी रात्र तंबू ठोकता येतो. पण घराच्या अंगणाजवळून जाणे, शेत तुडवणे किंवा कचरा टाकणे या हक्कात बसत नाही, आणि राखीव क्षेत्रांचे नियम वेगळे असतात; ते फलकावर वाचा. उघड्या खडकावर कधीही शेकोटी पेटवू नका, कारण उष्णतेने खडक कायमचा तडकतो. कोरड्या उन्हाळ्यात आग पेटवण्यावर पूर्ण बंदी येते आणि ती मोडणे हा गुन्हा आहे.

जुलैअखेरीपासून जंगलात ब्लूबेरी पिकतात आणि वाट सोडून झुडपांत शिरायचा मोह होतो. त्या गवतात गोचिडी असतात. पायमोजे विजारीवर ओढून घ्या आणि रात्री गुडघ्यामागे, काखेत व मुलांच्या केसांत नीट तपासा. गोचीड चिकटलेली दिसली तर कातडीजवळ चिमट्याने धरून सरळ ओढा. नंतर त्या जागी लाल वर्तुळ पसरले किंवा ताप आला तर डॉक्टरांना दाखवा. तातडीच्या मदतीचा क्रमांक ११२ आहे.

८. सूरस्ट्रमिंग: चाखायचे असेल तर

उल्वनचे नाव काढले की स्वीडिश माणसाला सूरस्ट्रमिंग, म्हणजे आंबवलेली हेरिंग, आठवते. हेरिंग हा आपल्या तारलीच्याच कुळातला मासा. वसंतात अंडी घालण्यापूर्वी तो पकडतात, आधी कडक आणि मग सौम्य मिठाच्या पाण्यात पिंपात ठेवतात, आणि काही आठवड्यांनी डब्यात भरतात. डब्यातही आंबण्याची क्रिया चालूच राहते, म्हणून डबा फुगतो. फुगलेला डबा येथे खराब समजला जात नाही. मीठ महाग असल्याने ते कमी घालून मासळी टिकवण्याची ही रीत पडली, असे सांगतात. नवा माल ऑगस्टच्या तिसऱ्या गुरुवारी बाहेर काढण्याची प्रथा आहे. अलीकडे मोठी हेरिंग कमी मिळू लागल्याने डबे लवकर संपतात.

डबा घरात उघडू नये. तो बाहेर, शक्यतो पाण्याने भरलेल्या बादलीत बुडवून उघडतात, म्हणजे आतले पाणी अंगावर उडत नाही. माझ्या घरमालकीणबाईंनी मला खायचे कसे ते दाखवले: पातळ भाकरीसारख्या तुनब्रदवर लोणी लावले, वर उकडलेल्या बदामी बटाट्याच्या चकत्या आणि बारीक चिरलेला कांदा पसरला, काटा काढलेल्या माशाचे बोटभर तुकडे ठेवले, आणि भाकरी दुमडून हातात दिली. वास उग्र असतो, पण चव खारट आणि तीक्ष्ण. सुकटीवर वाढलेल्या माणसाने एक घास अवश्य घेऊन पाहावा. मात्र या समुद्रातल्या हेरिंगमध्ये डायऑक्सिन हे दूषित द्रव्य असते, म्हणून लहान मुलांनी आणि पुढे मूल होऊ शकणाऱ्या स्त्रियांनी ती वर्षातून दोन-तीन वेळांपेक्षा अधिक खाऊ नये, असा स्वीडनमधील अधिकृत सल्ला आहे.

९. परतीचा दिवस

बोटीच्या अर्धा तास आधी धक्क्यावर उभे राहा. वारा वाढल्यास फेरीला उशीर होऊ शकतो, म्हणून अर्नशल्ड्सविकहून सुटणारी गाडी आणि बोट यांच्यात तीन तासांचे तरी अंतर ठेवा, आणि भारतात परतणारे विमान त्याच दिवशीचे कधीही घेऊ नका. आठवण म्हणून सूरस्ट्रमिंगचा डबा न्यावासा वाटेल, पण काही विमान कंपन्यांनी २००६ पासून तो बंद केला आहे, आणि सामानात तो फुटला तर कपडे टाकूनच द्यावे लागतात. त्याऐवजी तुनब्रदचा पुडा किंवा लिंगनबेरीचा मुरंबा घ्या. बोट सुटल्यावर खालच्या खोलीत बसू नका. मागच्या बाजूला उभे राहिलात तर खाडीच्या तोंडापर्यंत लाल कोठारांची ती ओळ दिसत राहते, आणि ट्रिसुन्दावर थांबणारी फेरी असेल तर उल्वनच्या काळसर खडकानंतर त्या बेटाचा तांबूस ग्रॅनाइट अगदी जवळून पाहायला मिळतो.